डाव्या चाकाचे आटे

शेजारच्या घरातून आमच्याकडे यायचे असेल, तर बापूरावांनी ओटा उतरून डावीकडे वळावे, चार पावले टाकावीत आणि आमची कडी वाजवावी, एवढेच करावयाचे होते. कोणताही सज्ञान नागरिक हेच करील. बापूराव ओटा उतरून उजवीकडे वळत, सुताराच्या घरावरून मागल्या गल्लीत जात, तिथून मारुतीच्या देवळाकडून वळसा घालून आळीच्या दुसऱ्या तोंडाने आत शिरत आणि चांगली एक चिलीम ओढून व्हावी इतक्या वेळाने आमच्या दारात उभे राहत. हातात बहुधा रिकामी वाटी असे, कारण निघालेले असत साखर मागायला. परतताना मात्र त्यांचे घर उजव्या हाताला पडत असल्यामुळे ते चार पावलांत पोचत. "तात्या, तुमच्या घरनं जायला लई सोपं," असे ते मला म्हणत, "यायलाच लांब पडतं." हे वाक्य एखाद्या शिकलेल्या माणसाने उच्चारले असते, तर मी तो विनोद समजलो असतो.

मी पुण्याच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर शांततेसाठी चिंचवडात पवनेकाठी घर घेतले. खरेदीखत मी स्वतः तपासले होते. चतुःसीमेत 'पश्चिमेस शेजाऱ्याचे घर' एवढाच उल्लेख होता. शेजाऱ्याचा स्वभाव हा मिळकतीवरील बोजा आहे, हे कायद्याने अजून मान्य केलेले नाही. ते करावे, असा अर्ज मी योग्य ठिकाणी पाठवला आहे.

बापूरावांचा सिद्धांत तीन शब्दांत मावत असे : "उजवं ते उजवं." पटका उजवीकडून गुंडाळायचा. चहातली साखर उजव्या फेऱ्यानेच विरघळवायची. चुकून कुणी डावीकडे ढवळली, तर तो चहा म्हशीच्या आंबोणात जाई. न्हाव्याने उजव्या गालापासून सुरुवात न केल्यास ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठत, आणि एका पोळ्याला ते त्याच अवस्थेत बैलांपुढे चाललेले मी पाहिले आहेत. शेत नांगरतानाही बैल उजवीकडेच वळवायचे. त्यामुळे त्यांच्या रानात सरळ तासांऐवजी गोलगोल तासे पडत, आणि मधोमध न नांगरलेला एक ठिपका उरे. तिथे ते बसून भाकरी खात.

या आचरटपणाला आधार काय, असे मी एकदा त्यांना विचारले. त्यांनी मलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. "तात्या, तुमी लई कागुद वाचल्यात. लेक दिली की लोक काय म्हंत्यात? लेक उजवली, आसं का लेक डावलली, आसं?"

उजवली म्हणतात, हे मला मान्य करावे लागले.

"मंग झालं तर. व्रत उजवत्यात. कूस उजवती. देवाला फेरा उजवा. डावलत्यात कुनाला, त्ये तुमीच सांगा."

भाषा हा पुरावा होऊ शकत नाही, असे मी त्यांना बजावले. तोवर ते चार पावलांत घरी पोचले होते.

घरी दुसरे माणूस नव्हते. आम्ही राहायला येण्याच्या पुष्कळ आधी त्यांची बायको वारली होती, आणि शेवंता नावाची एकुलती लेक चाकणकडे दिलेली, म्हणजे उजवलेली, होती. भाकऱ्या ते स्वतः थापत. त्यासुद्धा कोणत्या दिशेने थापत, हे मी पाहायला गेलो नाही. पाहण्याची गरज नव्हती.

असा मनुष्य मोटार विकत घेईल, हे कोणाच्याही स्वप्नात आले नसते. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले होते आणि बापूरावांच्या जमिनीचा एक तुकडा त्यात गेला होता. देहूरोडला लष्कराच्या निकामी मालाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी एक काळी, पोटाशी गंजलेली मोटार उचलली. गावात हसू पिकले. बापूरावांनी सर्वांना एकच कारण सांगितले. शेवंताला दिवस गेले आहेत, पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचे, आणि त्यासाठी ती मोटारीतून येईल, छकड्यातून नाही. पुढे गरज लागली तर पुण्याच्या इस्पितळापर्यंतही मोटारच. अख्ख्या आळीच्या बाया ज्या छकड्यातून बाळंतपणाला आल्या आणि गेल्या, तो यांच्या लेकीला चालत नव्हता. याला आमच्याकडे मिजास म्हणतात.

मोटार ते बऱ्यापैकी हाकत. फक्त डावीकडे वळत नसत. चिंचवडातून चाकणला जाणाऱ्याने मुंबई-पुणे रस्त्याला लागून पुण्याच्या दिशेने जावे आणि नाशिक रस्त्याच्या फाट्यावर डावीकडे वळावे. बापूराव फाटा सोडून थेट दापोडीपर्यंत जात, तिथे मोटार उजवीकडून माघारी फिरवत आणि आल्या रस्त्याने परत येऊन फाट्यावर उजवे वळण घेत. समोरून येणाऱ्या मालमोटारींचे चालक त्यांना जे बोलत, ते मी इथे लिहू इच्छीत नाही. रहदारीच्या नियमाने वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकावे लागते, त्याचे काय करता, असे मी विचारले. "आपुन डावीकडनं गेलं म्हंजी उजवी बाजू देवाला मोकळी ऱ्हाती," ते म्हणाले. नियमाचे इतके भक्तिपूर्ण पालन मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही.

मोटार उभी राहत असे ती आमच्या दोघांच्या सामाईक बोळात. त्या बोळावर माझा वहिवाटीचा हक्क आहे. मी सरपंचांना पहिला अर्ज केला. 'अर्ज दाखल करण्यात आला' असे उत्तर आले. सरपंच बापूरावांचे मावसभाऊ होते, हे मला पुढे कळले.

आणि मग डावे पुढचे चाक पंक्चर झाले.

मोटारीचे चाक ज्या जाड लोखंडी खुंट्यांवर बसते त्यांना स्टड म्हणतात, आणि त्या खुंट्यांवर नट आवळून चाक पक्के करतात. जगातील यच्चयावत नट उजवीकडे फिरवले की आवळतात आणि डावीकडे फिरवले की सुटतात. परंतु या मोटारीच्या कारखानदाराने डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे दिले होते. तिथे नट डावीकडे फिरवला की आवळे, उजवीकडे फिरवला की सुटे. बापूरावांना याची कल्पना नव्हती. सोडताना डावे चालते, बांधताना मात्र उजवेच, असा सिद्धांताला पोटनियम होता; म्हणून ते नट सोडवण्यासाठी पाना डावीकडे दाबत राहिले, म्हणजे आवळलेलाच नट आणखी आवळत राहिले. सुटेना तेव्हा पान्याच्या दांडीत लांब नळी खुपसून ते तिच्यावर उभे राहिले. कट् असा आवाज झाला. नट सुटला, परंतु अर्ध्या स्टडसकट. मग त्यांनी दुसऱ्यावर उभे राहून पाहिले. मग तिसऱ्यावर.

तुटलेला खुंटा मी उचलून पाहिला. त्याच्या टोकावर इंग्रजी एल हे अक्षर ठसठशीत कोरलेले होते, आणि इंग्रजीत डाव्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होते. याहून स्पष्ट लेखी पुरावा न्यायालयातही क्वचित मिळतो. मी तो बापूरावांपुढे मांडला.

त्यांनी तो उन्हात धरून नीट न्याहाळला. "एल म्हंजी लंडन," ते म्हणाले.

पुढे पिंपरीच्या निर्वासित छावणीजवळच्या मोटार दुरुस्तीवाल्यानेही तेच सांगितले, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. पण ज्याच्या डोक्याचे आटे असे घट्ट बसलेले, तो चाकाच्या आट्यांपुढे वाकतो थोडाच? त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून उजव्या आट्यांचे स्टड आणि नट आणले, चाकामागच्या लोखंडी तबकडीतून मोडके खुंटे हातोड्याने ठोकून काढले, त्यांच्याबरोबर शाबूत होते तेही काढले, आणि डाव्या चाकाला नखशिखांत उजवे करून टाकले. आठवडाभर आमच्या बोळात घण चालला होता. मी दुसरा अर्ज केला.

कारखानदाराने उलटे आटे हौसेखातर दिलेले नव्हते. डाव्या बाजूचे चाक चालताना ज्या अंगाने फिरते, त्यात उजव्या आट्याचा नट धक्क्याधक्क्याने सैल होत जातो. हे मी लेखी कळवले होते. मोशीच्या अलीकडे बापूरावांना आपल्या पुढे एक चाक एकटेच धावताना दिसले. ते कोणाचे, याचा विचार करीपर्यंत मोटार डाव्या अंगावर बसली होती. बैल जुंपून ती ओढत आणली. भरल्या आळीपुढे मी विचारले, की आता तरी सिद्धांतात काही दुरुस्ती?

"चाक सुटलं, खरं हाय," बापूराव म्हणाले, "पर वळलं उजवीकडंच."

त्यानंतर मोटार पुन्हा बोळात आली आणि दगडांच्या उतरंडीवर चढून बसली. मला वाटेल तेव्हा घरात शिरता येईना. छत्री मिटून, पोट आत घेऊन मी वहिवाट करीत असे. तिसऱ्या अर्जात मी हे पोटासकट नमूद केले.

बापूरावांनी मात्र या वेळी उजवे खुंटे ठोकून काढले. कुठून कोण जाणे, एल कोरलेले खुंटे पैदा केले आणि तेही एकेक करून ठोकून बसवले. चाक त्यांवर चढवले. नट रॉकेलच्या ताटलीत बुडवून ठेवले. आणि तिथे काम थांबले. कारण राहिले होते ते एवढेच, की नट खुंट्यांवर लावून डावीकडे फिरवायचे.

दिवसामागून दिवस गेले. शेवंताचे दिवस भरत आले. बापूराव रोज सकाळी चाकापुढे उकिडवे बसत, पाना हातात घेत, आणि थोड्या वेळाने पाना पुसून ठेवून देत. इतक्या लहानशा कामासाठी इतके पाना पुसणे मी कधी पाहिले नव्हते. लोहार म्हणाला, बापू, मी आवळून देतो, तुझा धर्म शाबूत राहील. त्याला त्यांनी हाकलले. मला म्हणाले, "फेरा ज्याचा त्यानंच मारायचा आसतो, तात्या." माझ्या मते हा शुद्ध आळस होता आणि त्याला तत्त्वज्ञानाचा पटका बांधलेला होता.

एके दिवशी सकाळी मी चौथा अर्ज घेऊन ओट्यावर आलो. बोळात सायकल आडवी पडली होती आणि चाकणहून आलेला शेवंताचा दीर धापा टाकत उभा होता. कळा वेळेआधीच सुरू झाल्या होत्या. सुईण म्हणत होती, मूल आडवे आहे, माझ्या हातचे काम नाही, पुण्याला न्या. त्यांच्याकडे छकडा होता. छकडा जुंपू का, एवढेच विचारायला तो आला होता.

"न्हाई," बापूराव म्हणाले. एवढे मोठ्याने ते कधी बोलल्याचे मला आठवत नाही. "तिला छकड्यात घालायची न्हाई. जा म्हागारी. म्या आलो."

पोरगा सायकल उचलून गेला. बापूराव चाकापुढे बसले. पहिला नट खुंट्याच्या टोकाला टेकवला. आणि हात तिथेच थांबला.

मी संतापलो. आयुष्यात अनेक मूर्खांच्या मूर्खपणाची नोंद मी शांतपणे घेतली आहे. पण इकडे लेक अडलेली आणि बाप दिशा पाहत बसलेला, हे मला सोसेना. तरीही मी कायद्याचा माणूस. पक्षकार हट्टी असला, तरी त्याला वाट काढून देणे मला माहीत आहे. मी म्हणालो, "बापूराव, नीट ऐका. दिशा ही पाहणाऱ्यावर अवलंबून असते. तुम्ही बाहेर बसून पाहता म्हणून हा फेरा डावा दिसतो. तोच मनुष्य मोटारीखाली, चाकाच्या मागल्या अंगाला बसला, तर त्याला हाच फेरा उजवा दिसेल. सबब हा फेरा उजवाही ठरतो. फिरवा."

युक्तिवाद बिनतोड होता. आजही आहे.

बापूरावांनी माझ्याकडे पाहिले. "कोर्टात चालंल त्ये, तात्या," ते म्हणाले. "हिथं न्हाई चालायचं."

मग त्यांनी डोक्यावरचा पटका उतरवला आणि शेजारच्या दगडावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचे उघडे डोके मी प्रथमच पाहत होतो. नटाकडे पाहतच ते बोलू लागले, मला सांगत असावेत असेही वाटले नाही. "शेवंताच्या पाठीवरचं व्हतं. आसंच आडवं. तिच्या आयला छकड्यात घातली आन् सांगवीच्या वाटंनं निघालो, म्हनलं नदी वलांडली की औंध, औंधाला डाक्टर हाय. नदीपातूर बी पोचली न्हाई. पोटी ल्योक न्हवता. मडकं म्याच घेतलं, डाव्या खांद्यावर. चितंला उलटं फेरं म्याच मारलं, तीन. तवा म्हनलं हुतं, ह्यो देह पुन्यांदा आसा वळायचा न्हाई."

चतुःसीमेत याचा उल्लेख नव्हता.

"डावा हाय त्यो डावाच हाय," बापूराव म्हणाले. "पर लेक माजी हाय."

आणि त्यांनी नट डावीकडे फिरवला. आधी बोटांनी, मग पान्याने. एक झाला की पान्याची दांडी कपाळाला लावत आणि दुसरा घेत. सगळे आवळून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकेकाला पाना लावून पाहिला. घाई असतानाही तेवढे केले.

तेवढ्यात आमची सौभाग्यवती पदर खोचून बाहेर आली. ती म्हणाली, "अहो, तो कागद ठेवा खाली आणि माझी गोधडी घ्या. अडलेल्या बाईजवळ बाईमाणूस नको का?" तिने माझी मते विचारली नाहीत. बापूराव म्हणाले, "वैनी, बसा म्हागं." अशा रीतीने मी ज्या मोटारीविरुद्ध तीन अर्ज केले होते आणि चौथा खिशात होता, त्या मोटारीत, डाव्या बाजूला, बरोब्बर त्या चाकाच्या मागे जाऊन बसलो.

पिंपरी गेली, कासारवाडी आली. माझे लक्ष चाकाकडे होते. पुढे फाटा दिसू लागला. मी मनात दापोडीपर्यंतचे जाणे-येणे धरले, आणि या वेळी तरी तोंड उघडावे अशा विचारात होतो. बापूरावांनी हात बाहेर काढून इशारा केला, ते अगदी नियमाप्रमाणे, आणि चक्र डावीकडे फिरवले. मोटार चाकणच्या रस्त्याला लागली. मागून हिचा आवाज आला, "बरं केलंत, भावोजी." त्यांचे डोके अजून उघडेच होते. पटका बोळातल्या दगडावर राहिला होता.

चाक सुटले नाही. शेवंताला आम्ही पुण्याच्या इस्पितळात वेळेत पोचवले. दुपार कलता कलता परिचारिका बाहेर आली आणि मुलगी झाली असे म्हणाली. बापूरावांनी मुलीचे काही विचारले नाही. "आन् तिची आई?" असे त्यांनी विचारले. दोघी खुशाल आहेत, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले, आणि मग व्हरांड्याच्या कडेला जाऊन नळाखाली नुसतेच हात धूत बसले. वंगण केव्हाच निघाले होते.

वाचकांचा असा समज होईल की त्या दिवसानंतर बापूराव सुधारले. असला समज करून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी पटका उजवीकडून गुंडाळलेला होता. साखर मागायला ते आजही मारुतीच्या देवळाला वळसा घालून येतात. फरक एवढाच, की त्यांच्या ओट्याची फळी वाजली की ही चहाचे आधण ठेवते, आणि ते दारात पोचतात तेव्हा चहा झालेला असतो. चाकणचा रस्ता धरायचा तर अजून दापोडी. मोटार अजून बोळातच उभी राहते आणि चौथा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी रवाना केला. तो मी मागे घेतलेला नाही, घेणारही नाही. हक्क हा हक्क असतो.

शेवंता बाळंतपण उरकून सासरी गेली, तरी महिन्या-दोन महिन्यांनी लेकीला घेऊन येते. मग संध्याकाळी बापूराव नातीला खांद्यावर टाकतात, डाव्या खांद्यावर, आणि ओटा उतरून उजवीकडे वळतात. सुताराच्या घरावरून, मागल्या गल्लीतून, मारुतीकडून आळीत. मी ओट्यावर अर्ज लिहीत बसलेला असतो. पोर त्यांचा पटका ओढत असते, आणि ते रहदारीला जराही न जुमानता आळीच्या मधोमध चालतात. माझ्यासमोरून ते जातात, थोड्या वेळाने पुन्हा जातात. मी मोजत नाही. पण फेरे तीनच असतात.